जुनी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय घ्यावी का? टर्बोची भीती आणि खरा खर्च

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातलं जोडपं, दोन मुलं. रोज हिंजवडीला जाऊन-येऊन २२ किलोमीटर, महिन्यातून एकदा गावी कराडला. गाडी दोघंही चालवणार, म्हणून ऑटोमॅटिक हवी. बघून ठेवलेली गाडी म्हणजे २०१६ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ९२ हजार किलोमीटर झालेली, दुसरा मालक, मागणी सव्वासात लाख. विचारणं एवढंच की टर्बो, म्हणजे एक्झॉस्ट गॅसवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, गेला तर किती लाखांना खड्डा पडेल आणि वर्षाचा खर्च किती धरायचा.

अशा टर्बो पेट्रोल गाड्यांच्या दुरुस्तीतच माझा दिवस जातो, म्हणून आधीच सांगतो की तुम्ही चुकीच्या पार्टला घाबरताय. या गाडीत टर्बो काळजीच्या यादीत बराच खाली येतो. पहिला नंबर गिअरबॉक्सचा, दुसरा कूलंटचा, तिसरा इंजिन ऑइलचा. टर्बो जातो तेव्हाही बहुतेक वेळा तो ऑइलच्या हयगयीने जातो. गाडी उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १८० पीएसचं इंजिन, मागे मल्टिलिंक सस्पेन्शन, चार माणसांचं महिन्याभराचं सामान गिळेल अशी ५९० लिटरची डिक्की. खंबाटकीचा घाट ती ज्या सहजतेने चढते त्या सहजतेने या किमतीतली दुसरी गाडी क्वचितच चढेल. प्रश्न तुमच्या वापराचा आहे, आणि तुमचा वापर म्हणजे हिंजवडीचं ट्रॅफिक.

आता गिअरबॉक्स. याचं कंपनीतलं नाव डीक्यू२००. सात गिअर, दोन क्लच. एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर सांभाळतो, दुसरा क्लच दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. हे दोन्ही क्लच कोरडे आहेत. त्याच ऑक्टाव्हियाच्या २.० डिझेलला सहा गिअरचा डीएसजी येत होता, त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात आणि उष्णता तेल वाहून नेतं. इथे ती सोय नाही. ब्रेकवरून पाय अर्धवट उचलून गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकवत राहिलात की क्लच प्रत्येक वेळी घसरत असतो आणि तापत असतो. शिवाय या गिअरबॉक्सची टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या ताकदीची, कमाल मर्यादा २५० न्यूटन मीटर, आणि १.८ इंजिनचा टॉर्कही बरोबर तेवढाच. म्हणजे हाताशी शिल्लक काहीच नाही.

क्लच झिजल्याची खूण ओळखता येते. गाडी थंड असताना ती लपते, म्हणून अर्धा तास गर्दीत चालवा आणि मग लक्ष द्या. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना, १५ ते २५च्या वेगात, सीटखाली थरथर जाणवते, किंवा वेग कमी होत दुसऱ्यावरून पहिल्याला येताना मागून कोणी ढकलल्यासारखा झटका बसतो. थोडी थरथर कधीकधी ॲडॉप्टेशन, म्हणजे स्कॅनरने क्लचची जुळवणी, नव्याने केल्यावर जाते. गेली नाही, तर क्लच पॅक बदलावा लागतो. पुण्यातल्या सध्याच्या दरांनी मजुरीसह ८० हजार ते सव्वा लाख धरा.

त्याहून महागडं दुखणं मेकॅट्रॉनिकचं. क्लच दाबणं-सोडणं आणि गिअर टाकणं हे सगळं हे युनिट करतं. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये कंट्रोल युनिट, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, पंप, आणि तेलाचा दाब साठवून ठेवणारा ॲक्युम्युलेटर. हा ॲक्युम्युलेटर जिथे आट्यांवर बसतो तिथे हाउसिंगला तडा जातो, तेल झिरपतं आणि दाब टिकत नाही. पंप सतत पळत राहतो, शेवटी स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकायला लागतो आणि गाडी सिग्नलला उभी ती उभीच. स्कॅनरवर पी१८९सी हा कोड आला, तर बहुतेक वेळा हेच असतं. अधिकृत ठिकाणी नवं युनिट दोन लाखांच्या आसपास जातं, कधी वरही. हाउसिंग आणि ॲक्युम्युलेटर बदलून दुरुस्ती करणारे आता चांगले लोक आहेत, ते ५० ते ८० हजारांत काम करतात. माझा कल दुरुस्तीकडे असतो, पण काम करणाऱ्याने लेखी वॉरंटी दिली तरच.

इथे एक गैरसमज दूर करतो. नोव्हेंबर २०१३मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या याच गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरण्यासाठी परत बोलावल्या होत्या. उष्ण आणि दमट हवेत त्या तेलामुळे आत इलेक्ट्रिकल बिघाड होत होता. ती बातमी दाखवून आजही लोक घाबरवतात. २०१६ची गाडी त्यानंतरची आहे, ते दुखणं तिच्यात शोधू नका. तड्याचं आणि क्लचचं दुखणं मात्र शोधा.

आणि गिअरबॉक्सचा कोड आला की लगेच गिअरबॉक्स खोलायला देऊ नका. एका ग्राहकाला एका सर्व्हिस सेंटरने मेकॅट्रॉनिक गेल्याचं सांगून दोन लाखांच्या वरचं एस्टिमेट दिलं होतं. गाडी टो करून आणली. पाच-सहा कोड होते, पण त्यातला निम्मा भरणा कमी व्होल्टेजचा. मीटर लावून सेल मारला तर बॅटरीचं व्होल्टेज नऊच्याही खाली पडत होतं, आणि गिअरबॉक्सवर येणाऱ्या अर्थच्या वायरचा लग (टोकाचा धातूचा तुकडा) हिरवा पडलेला. लग घासून साफ केला, बॅटरी बदलली, कोड पुसले, गाडी आजही चालते आहे. प्रत्येक वेळी एवढं सोपं निघत नाही हे खरं. पण बॅटरी आणि अर्थ तपासायला पंधरा मिनिटं लागतात, ती आधी द्यायला हवीत.

कूलंटकडे येतो. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये बसवलेले आहेत. गरम-थंड होऊन होऊन त्या प्लास्टिकचा आकार किंचित बिघडतो, पॅकिंग सुटतं आणि गळती सुरू होते. गळती इतकी बारीक असते की खाली थेंब दिसत नाही, कारण गरम इंजिनावर ती वाळून जाते. मागे राहते ती गुलाबी-पांढरी खरपुडी. मोबाइलचा टॉर्च लावून इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खालच्या बाजूला बघा, आणि गाडी बंद केल्यावर बॉनेटपाशी गोडसर वास येतो का तेही बघा. ९२ हजारांच्या गाडीत हे हाउसिंग एकदा बदललेलं असावं. नसेल, तर तो खर्च तुमचा, मजुरीसह २५ ते ४० हजार.

यातला खरा धोका वेगळाच आहे. लेव्हल कमी झाली की पेट्रोल पंपावर किंवा सोसायटीच्या नळाचं पाणी ओतायचं, ही आपल्याकडची सवय. पुण्यात बोअरचं पाणी म्हणजे क्षार. दोन-चार वेळा असं पाणी गेलं की कूलंटचा रंग फिका गढूळ होतो, रेडिएटर आणि हीटरच्या नळ्या आतून भरत जातात, आणि एप्रिलमध्ये एखाद्या घाटात गाडी गरम होते. ॲल्युमिनियमचं हेड गरम झालं की वाकतं, आणि हेड उतरवण्याचं बिल टर्बोपेक्षा मोठं येऊ शकतं. टाकीचं झाकण थंड गाडीत उघडून रंग बघा. स्वच्छ गुलाबी-जांभळा हवा.

ऑइलचा विषय मी नेहमी लांबवतो, कारण तुमच्या हातात सर्वांत जास्त तेच आहे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तो तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असतो, आणि त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपासचा एक्झॉस्ट गॅस असतो. जुनं, जळकं तेल त्या बारीक वाटांमध्ये कोळसा बनून बसतं आणि बेअरिंग उपाशी राहतं. कंपनीचं वेळापत्रक १५ हजार किलोमीटर किंवा वर्षाचं आहे. तुमच्या वापराला मी ते मानत नाही. ऑफिस अकरा किलोमीटरवर, तेही ट्रॅफिकमधून. कूलंटचा काटा ९०वर लवकर येतो, तेलाला मात्र बराच जास्त वेळ लागतो. तेल पुरतं तापायच्या आत तुम्ही पोहोचलेले असता, आणि न जळालेलं थोडं पेट्रोल त्यात मिसळत राहतं. दर साडेसात हजारांना तेल बदला. ५डब्ल्यू-४० फुली सिंथेटिक, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० हे मानांकन छापलेलं असलंच पाहिजे. पाच-साडेपाच लिटर लागतं. फिल्टरसह बाहेर सहा-आठ हजारांत होणारं काम आहे, त्यात कंजुषी करू नका.

ऑइल खाण्याबद्दल बरंच बोललं जातं. ती तक्रार मुख्यतः आधीच्या पिढीच्या १.८ इंजिनाची, म्हणजे स्कोडाच्याच लॉरा आणि त्या काळच्या सुपर्बची. त्यात पिस्टनच्या ऑइल रिंग बारीक होत्या, त्या जाम व्हायच्या. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही त्याच पिढीत बदनाम झाला. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू यायची आणि दुर्लक्ष केलं तर चेन उडी मारून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटायचे. ऑक्टाव्हियामधलं इंजिन त्याच्या पुढच्या पिढीचं आहे आणि या दोन्ही बाबतीत खूप सुधारलेलं आहे. तरी थंड गाडीचा पहिला स्टार्ट स्वतःच्या कानाने ऐका. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत तेल जाणं मान्य आहे. मी ते कधीच निरोगी म्हणत नाही. या वयाच्या चांगल्या इंजिनात एका सर्व्हिसपासून दुसरीपर्यंत अर्धा-पाऊण लिटरच्या वर टॉप-अप लागायला नको.

आता टर्बो, ज्यासाठी प्रश्न आला. गाडीचा पिकअप पडला आणि स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी असल्याचा कोड आला की बऱ्याच ठिकाणी टर्बोचं एस्टिमेट हातात ठेवतात. आधी इंटरकूलरचे (टर्बोतली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) पाइप, त्यांचे क्लॅम्प, आणि दाब आटोक्यात ठेवणारे डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि वेस्टगेट तपासून घ्या. निसटलेल्या क्लॅम्पचं काम काही शे रुपयांत होतं. इंटरकूलरच्या पाइपमध्ये तेलाचा पातळ थर दिसला म्हणून टर्बो गेला असंही नसतं, इंजिनाच्या वाफेबरोबर तेवढं तेल येतंच. खरोखर गेलेला टर्बो रेस वाढवली की सायरनसारखा वरच्या पट्टीत ओरडतो, उतारावर पाय काढून पुन्हा रेस दिली की सायलेन्सरमधून निळा धूर येतो, आणि पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवला तर टर्बोचं चाक हाउसिंगला घासतं. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, तर मात्र लाख ते दीड लाख लागतील. सांभाळायची रीत सोपी आहे. सकाळी पहिली पाच-सात मिनिटं रेस दाबू नका. एक्स्प्रेसवेवरून किंवा घाटातून ताणून आल्यावर शेवटचे दोन किलोमीटर हळू चालवा, मग बंद करा.

एक गोष्ट जाहिरातीत कधीच लिहिलेली नसते, ती म्हणजे रिमॅप. पुणे-मुंबईतल्या बऱ्याच १.८ टीएसआय गाड्यांचं इंजिन सॉफ्टवेअर बदलून टॉर्क तीनशेच्या वर नेलेला असतो. विकताना पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकतात. २५० मर्यादेच्या गिअरबॉक्सने ती दोन वर्षं काय सोसलं असेल याचा विचार करा. जाणकार माणूस ईसीयूमधली (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली) फ्लॅशची, म्हणजे सॉफ्टवेअर बदलल्याची, नोंद बघून अंदाज देऊ शकतो. गिअरबॉक्सचं युनिटही क्लच किती वेळ किती तापमानाला होता हे साठवून ठेवतं. ही दोन पानं बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. मला स्वतःला ओडोमीटरच्या आकड्यापेक्षा हा तापमानाचा तक्ता जास्त विश्वासाचा वाटतो. एक्स्प्रेसवेवर पळालेली दीड लाखाची गाडी शहरात कुजलेल्या ६० हजारांच्या गाडीपेक्षा मी आधी घेईन.

बाकीच्या गोष्टी पटकन. खालची प्लास्टिक गार्ड आहे का बघा, ती नसेल तर स्पीडब्रेकरवर चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) फुटतं आणि तेल उडून इंजिन जाम होतं. लोअर आर्मचे बुश आणि टॉप माउंटिंग आपल्या रस्त्यांवर ६०-७० हजारांना बोलायला लागतात. सनरूफ असेल तर पावसाळ्याआधी त्याच्या नळ्या साफ करा, तुंबल्या की पाणी थेट कार्पेटखाली जातं आणि वायरिंग सडतं. उंदरांपासून जपा. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी ही गाडी बनवलेली नाही, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडेल. टाकी भरून गाडी दोन-दोन महिने उभी ठेवू नका, इथेनॉल ओलावा धरतं.

वर्षाचा हिशोब मांडतो. तुमचं रनिंग जवळपास दहा हजार किलोमीटर. शहरात ९ आणि हायवेला १४चं ॲव्हरेज धरलं तर हजार लिटरच्या थोडं आत पेट्रोल लागेल, म्हणजे लिटरला १०४-१०५चा भाव धरला तर सुमारे एक लाख. वर्षातली एक पूर्ण सर्व्हिस आणि मधला एक तेलबदल मिळून २० ते २५ हजार. इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टीचा हप्ताच २०२२च्या अधिसूचनेनुसार १५०० सीसीवरच्या गाडीला ७,८९७ रुपये आहे, फुल पॉलिसी २० हजारांच्या पुढे जाईल. टायरचा सेट चाळीसेक हजारांचा, चार वर्षांत विभागला तर वर्षाला दहा हजार. सस्पेन्शन, ब्रेक पॅड, बॅटरी, कॉइल यांना सरासरी १५ ते २० हजार. पेट्रोल सोडून झाले ६५ ते ८० हजार, आणि यात मोठं काम एकही धरलेलं नाही. म्हणून गाडी घेताना दीड लाख वेगळे ठेवा, ज्यांना इतर कशासाठीही हात लावायचा नाही. तेवढे पैसे बाजूला काढता येत नसतील, तर सव्वासात लाखांची ही गाडी तुमच्या बजेटची नाही, हे मी तुमच्या घरच्यांसमोरही सांगेन.

माझा सल्ला विचाराल तर तुमच्या वापराला मी हा गिअरबॉक्स देणार नाही. मॅन्युअल चालणार असती, तर त्याच ऑक्टाव्हियाची १.४ टीएसआय सुचवली असती. सहा गिअर मॅन्युअल, टॉर्क तोच २५० न्यूटन मीटर, चेनऐवजी टायमिंग बेल्ट, १,३९५ सीसी असल्याने थर्ड पार्टीचा हप्ता ३,४१६. ऑटोमॅटिकच हवी, तर दीड-दोन लाख वर घालून २०२२ची किंवा नंतरची स्कोडाचीच स्लाव्हिया १.० टीएसआय बघा, सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणाऱ्या ऑटोमॅटिकची. तिची ओढ १.८सारखी नाही, मागची सीटही ऑक्टाव्हियाइतकी ऐसपैस नाही. पण तो गिअरबॉक्स वाकडच्या पुलाखाली तासभर सरकत राहिला तरी कुरकुर करत नाही, गाडी चाकणला बनते, पार्ट लवकर आणि स्वस्त मिळतात, आणि ९९९ सीसीमुळे थर्ड पार्टीचा हप्ता २,०९४ वर येतो. १.५ घेऊ नका, तिच्या ऑटोमॅटिकमध्ये पुन्हा हाच कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी आहे.

इतकं सांगूनही मन ऑक्टाव्हियावरच असेल, तर मालकाला आदल्या रात्री फोन करून सांगा की सकाळी आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर तिथूनच परत फिरा. थंड असेल तर स्टार्ट ऐका, कूलंट बघा, अर्धा तास गर्दीत चालवा, मग लिफ्टवर चढवून स्कॅन करून घ्या. सर्व्हिसची बिलं मागा, त्यात वॉटर पंप हाउसिंग आणि क्लच शोधा. सगळं स्वच्छ निघालं आणि क्लच अलीकडे बदलल्याचं बिल मिळालं, तर पावणेसात लाखांपर्यंत जायला हरकत नाही. क्लच मूळचाच असेल, तर त्याचे लाखभर रुपये मागणीतून कापून बोला आणि सव्वासहाच्या वर जाऊ नका.